तीन मिनिटं आधी

१९७३ साली आमच्या न्यू जर्सीच्या पाइनच्या रानातल्या मोटरसायकल क्लबात एकही बाई सभासद नव्हती. शर्यतीच्या दिवशी बायकांनी पोर्क रोल, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, तळून पावात घालून द्यायचे. वसंतातली साठ मैलांची शर्यत जो तीसपेक्षा कमी गुण गमावून पुरी करेल तो सभासद, असा नियम होता. त्यात ‘बाई नको’ असं लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी नाव दिलं.

आमची शर्यत पहिलं येण्याची नव्हे, वेळेवर येण्याची. दर मिनिटाला एक गाडी सुटते आणि मिनिटाचा आकडा हाच तुमचा नंबर. माझा एकतीस. रानात कुठेतरी तपासणीचं ठाणं असतं, तिथे पाटीवरचा आकडा दर मिनिटाला उलटतो. पाटीवर एकतीस असतानाच मी तिथे पोचायचं. उशिराच्या मिनिटाला एक गुण जातो, लवकरच्या मिनिटाला पाच. आणि ठाणं दिसल्यावर थांबायचं नाही. थांबलात की तीच तुमची वेळ.

शेवटच्या ठाण्याआधी माझे बावीस गेले होते. दलदलीत आडवी झाले, हँडलवरचं घड्याळ फुटलं. गाडी उपसताना वाटलं, अर्धा तास गेला. मग खुरट्या ओकच्या जाळीतून मी ती सुसाट सोडली. फांद्या बोटांवर सपासप बसत होत्या. वळण घेतलं तर समोर ठाणं, पाटीवर अठ्ठावीस.

ठाण्यावर माझा थोरला भाऊ ऑरिन वही घेऊन बसला होता. शेजारी पाटी उलटायला क्लबातला म्हातारा वेंडेल.

“काय गं लिओना, पाव संपले का?” वेंडेल म्हणाला.

मी गाडी रांगायला लावली. वाळूत हळू चालवणं सगळ्यात अवघड, पुढचं चाक रुततं. पाय टेकत, नागमोडी सरकत राहिले. पाटी उलटून एकोणतीस झाली. आणखी एकदा उलटली की मी तरले असते. चाक रुतलं आणि इंजिन बंद पडलं.

“घरचं माणूस आहे रे, तीस लिही,” वेंडेल पुटपुटला.

“पाटीवर काय होतं?” ऑरिनने विचारलं.

“एकोणतीस.”

“मग एकोणतीस.” ऑरिनने लिहिलं. दहा गेले, एकूण बत्तीस.

“दोन श्वास थांबला असतास तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं.

“थांबली तू होतीस, लिओना.”

शरदातल्या क्रॅनबेरीच्या काढणीपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्या वसंतात दोन घड्याळं लावून गेले आणि एकोणीसच गुण गमावले. सभेत मागून कुणीतरी म्हणालं, “वही भावाकडेच होती ना?” वेंडेलने ऑरिनच्या हातचं एकोणतीस असलेलं गेल्या वर्षीचं पान काढून टेबलावर ठेवलं. ते हातोहात फिरलं. मग माझं नाव यादीत चढलं.