आधी कुत्रं पुढं सोडायचं

वैशालीताईंच्या बांगड्यांची किणकिण आधी थांबायची, मग कळफलकावरची बोटं. आणि त्यानंतर जी शांतता पसरायची, ती आमच्या ध्वनिसंग्रहाच्या सर्व्हरखोलीचा जणू श्वास होती. आज्ञा टंकून झाली की त्या दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत, खिडकीतून उतरलेल्या हिवाळी उन्हाच्या तिरप्या पट्ट्याकडे क्षणभर पाहत, आणि मगच एंटर दाबत. मला सुरुवातीला या संथपणाचा भारी राग यायचा.

ताई कन्नड तालुक्याकडच्या मेंढपाळ घरातल्या. काहीही पुसणारी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी त्या आज्ञेच्या आरंभी ‘एको’ हा इवलासा शब्द लावत. मग संगणक काही पुसत नसे. काय पुसलं जाणार आहे, तेवढं पडद्यावर दाखवून थांबे. “आमचे आबा घाटात मेंढरं उतरवायच्या आधी कुत्रं पुढं सोडायचे,” त्या सांगत. “ते भुंकलं की कळप जागीच थांबवायचा. हे एको म्हंजे आपलं कुत्रं. लई इमानी हाय.” पुढे आम्ही त्यांना येता-जाता चिडवू लागलो, “ताई, कुत्रं सोडलं का?” त्या हसत, पण सोडल्याशिवाय राहत नसत.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन गावी परतल्या. खोलीत ऊन तसंच येतं, पंखेही तसेच गुणगुणतात. तरी त्या खुर्चीवर बसताना मला अजून परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. या संग्रहात त्यांच्या आईच्या, सगुणाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या आहेत. सगुणाबाई आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ध्वनिमुद्रणांच्या प्रती काढण्याचं आमचं काम तिथवर पोचलंच नव्हतं.

परवा सकाळी डिस्क काठोकाठ भरली. तात्पुरत्या फायली पुसायला मी घाईघाईने छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ताईंनी हातांना लावलेल्या सवयीनं आज्ञेच्या आरंभी ‘एको’ लावलं. एंटर दाबताच पडद्यावर भलतीच नावं उतरू लागली. ज्या फोल्डरमधलं पुसायचं, त्याचं नाव लिहायची जागाच रिकामी राहिली होती. त्यामुळे ती आज्ञा सबंध संग्रहावर रोखलेली होती. त्या नावांत सगुणाबाईंचंही नाव होतं. माझे हात आपोआप मांडीवर आले.

सगळ्यात आधी त्या ओव्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर नेली, मग चूक सुधारली, पुन्हा एकवार ‘एको’ लावून पाहिलं आणि मगच तात्पुरत्या फायली पुसल्या. जागा मोकळी झाल्यावर ताईंना फोन केला.

“ताई, आज कुत्रं भुंकलं.”

त्यांनी आधी एवढंच विचारलं, “आई हाय ना?”

“आहे. धक्कासुद्धा लागला नाही.”

“मग वाजीव की जरा.”

मी फोन स्पीकरजवळ धरला. जात्याची घरघर आली, तिच्यावर तरंगत सगुणाबाईंचा थोडा चिरका, तरी मायाळू आवाज आला, आणि पलीकडची बांगड्यांची किणकिण थांबली. काळ माणसाला नेतो, त्याला कुणाचा इलाज नाही. पण जाणाऱ्यानं आपल्या हातांना लावून दिलेला क्षणभराचा थांबा मागे राहतो, आणि तेवढ्या थांब्यात कुणाची तरी आई गात राहते.