पारूबाईच्या दोन मुंबया

"ती मुंबई नाय," सखाराम वाहुळे ताटावर बसता बसता म्हणाला, "लग्नाचा मांडव हाय निसता."

भाकरी वाढणारी सून, निशा, हसू दाबत तव्याकडे वळली. पारूबाई मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. त्याला असं तावातावानं बोलताना तिनं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. निवृत्त होऊन मुंबईहून परत आल्यापासून हा माणूस मुलाच्या बजाजनगरच्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखा वावरत होता. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून वाळूजच्या कंपन्यांचे दिवे बघणं. पाणी आलं नाही तर "आमच्या मुंबईत", रिक्षावाला मीटर टाकेना तर "आमच्या मुंबईत". मुलगा संघपाल कंपनीतून दमून येई आणि बापाची मुंबई ऐकत निमूट जेवे.

आणि आता पैठण रोडला, मोसंबीच्या जुन्या बागांमध्ये, कुण्या बिल्डरनं 'बंबई बाग' नावाचं रिसॉर्ट काढलं होतं. त्यानं मुंबईहून भंगारात निघालेली एक डबलडेकर ट्रेलरवर घालून आणली, तिला लाल रंग दिला, पण ती चालवणारा माणूस काही मिळेना. संघपालच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की याचा बाप बेस्टमध्ये होता, तीस वर्षं डबलडेकरच चालवत होता. मॅनेजर मंदार स्वतः घरी आला. गुलमंडीकडचा, बोलायला गोड पोरगा. काका, नुसतं एकदा बघायला तरी चला, म्हणाला. सखाराम बघायला गेला आणि कामावर राहूनच आला.

पहिल्या दिवसापासून त्याच्या तक्रारी सुरू झाल्या त्या झाल्याच. गेटवे फायबरचा आहे, टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. इराण्याच्या हॉटेलात पोहे मिळतात. समुद्र म्हणजे पोहण्याचा हौद. शिट्टी वाजली की मशीन लाटा सोडतं, शिट्टी वाजली की बंद. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लोकांना टोचू नये म्हणून गाद्या घातल्यात. बस मोसंबीच्या झाडांना वळसा घालून पुन्हा तिथंच येते, तिसरा गियर काही पडत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणाला घाई नाही. माणसं पाय ओढत चालतात. मुंबईत माणूस असा चालला तर मागचा त्याला ढकलून पुढं जाईल.

हे त्यानं मंदारलाही ऐकवलं होतं. मंदार हसून म्हणाला होता की काका, नकलेचं एवढं काय, आपल्या गावाला लोक बीबी का मकबरा बघायला येतातच की, ताजमहालाची नक्कल असून.

"मग तू काय म्हणाला?" संघपालनं विचारलं.

"म्हणलं, मकबऱ्यात निदान बेगम तरी खरी पुरलीय."

संघपालला हसताना ठसका लागला. पारूबाईही हसली. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. खाकी शर्टाला हा माणूस स्वतः इस्त्री करतो, रोज दाढी करतो, स्टाफची गाडी यायच्या कितीतरी आधी कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो, हे तिनं पाहिलं होतं. शिव्या देत का होईना, माणूस हलायला लागला होता. तिला तेवढं पुरे होतं. शिवाय तो संध्याकाळी घरी येत होता. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा तिला पहिल्यांदाच मिळाला होता.

लग्न झालं तेव्हा ती फुलंब्रीकडच्या गावात सासू-सासऱ्यांपाशी राहिली, तो मुंबईला गेला. भीमजयंतीला यायचा, उन्हाळ्यात आठ दिवस यायचा. बाकी वर्षभर ती लोकांच्या रानात खुरपायला जायची, पोराला शाळेत घालायची, म्हाताऱ्यांचं बघायची. मुंबई तिनं पाहिली होती ती सहा डिसेंबरला, गावाच्या बायांबरोबर. दादरला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, चैत्यभूमीला डोकं टेकवायचं, शिवाजी पार्कात चटईवर पडायचं आणि परत गाडी गाठायची. त्या दिवशी जादा बसगाड्या सुटत, सखारामला ड्यूटी असे. एकदा रांगेतून तिला लांबवर दोन मजली लाल बस दिसली होती. त्यात तो असेल असं समजून तिनं ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. त्यात तो नव्हता, हे जयंतीला तो घरी आल्यावर कळलं.

एका रविवारी मंदारनं स्टाफच्या घरच्यांना बोलावलं. नातू नको म्हणत असताना निशानं त्याला नवे कपडे घातले, पारूबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसली आणि सगळे रिक्षानं गेले. फायबरचा गेटवे बघून तिला तो वाजवून बघावासा वाटला, पण चारचौघांत तिनं हात आवरला. मग बस आली. सखाराम खाली केबिनमध्ये, ताठ बसलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ओळख नसल्यासारखा समोर बघू लागला. ड्यूटीवर असताना तो असाच असणार, असं तिला वाटलं.

गुडघे धरत ती जिना चढली आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसली. दोनदा घंटी वाजली आणि बस हलली. पुढं काच, बाजूच्या खिडकीतून वारा, खाली मोसंबीचे शेंडे. आयुष्यात ती एवढ्या उंचावरून कधी चालली नव्हती. लांब पैठण रोडवरचे ट्रक खेळण्यांएवढे दिसत होते. तिनं हातातली पिशवी नातवाकडे दिली आणि दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. बस फिरून जागेवर आली तरी ती उठेना. निशा म्हणाली, आत्या, उतरायचं ना? पारूबाई म्हणाली, तुम्ही उतरा, मी आणखी एक चक्कर मारते. तिनं तीन मारल्या.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर खिरीचे द्रोण हातात घेऊन बाया बसल्या होत्या. तिथं पारूबाईनं सगळं सांगितलं. समुद्र सांगितला, कठडा सांगितला, काळ्या-पिवळ्या टॅक्स्या सांगितल्या. पारूबाईनं मुंबई बघितली बरं का, असं एकमेकींना सांगत बाया घरी गेल्या, आणि ते फिरत फिरत सखारामच्या कानावर आलं.

त्या संध्याकाळी तो चिडून घरात शिरला. लोकांमध्ये आपलं हसं केलंस, म्हणाला. तीस वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाची बायको हौदाला समुद्र म्हणते. ज्यानं खरी पाहिलीय तो काय म्हणेल?

"ती मुंबई नाय, कितीदा सांगू तुला."

पारूबाई लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग खरी दाखवा."

सखाराम म्हणाला, बघू, पाऊस सरू दे. पाऊस सरल्यावर म्हणाला, सुट्ट्यांची गर्दी आहे, बस सोडून कसं येऊ. मग तिचे गुडघे पुढं आले. मुंबईत पूल चढावे लागतात, तुला झेपायचं नाही. पारूबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. एक दिवस संघपाल घरी असताना तिनं त्याला मोबाईलवर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसची तिकिटं काढायला सांगितली. नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, दोन काढ, आणि एकाच माणसाला जायचं असलं तर मी एकटी जाईन. दादरचा रस्ता मला ठाऊक आहे, पुढचा विचारत जाईन.

सखारामनं मंदारकडे दोन दिवसांची रजा मागितली.

सकाळी गाडी मुंबईला पोचली तेव्हा तो झपाझप पुढं निघाला. त्याचं चालणंच बदललं होतं. पारूबाई मागं राहिली की थांबायचा, पुन्हा निघायचा. पण बाहेर आल्यावर त्याची गडबड झाली. ज्या ठिकाणी बसचा स्टॉप होता तिथं पत्रे ठोकलेले होते. स्टॉप कुठं गेला ते त्याला एका कॉलेजच्या मुलीला विचारावं लागलं. विचारताना तो ओशाळला. डबलडेकर आली ती नवी, विजेवरची, आवाज न करता आली. दारं आपोआप मिटली. ड्रायव्हर काचेपलीकडे होता आणि त्यानं कुणाकडे बघितलं नाही. सखाराम खालीच उभा राहून त्याचे हात बघत होता. गियरच नव्हता.

मग जिथं तिथं त्याचं सुरू झालं. चहा पाणचट आहे, आपल्या बागेतला बरा. बसायला जागा नाही, आपल्या तिथं बाक तरी आहेत. आणि किती ही घाई, माणसं अंगावर येतात नुसती.

पारूबाई रस्त्यातच थांबली.

"तिथं होते तव्हा हितली थोरवी, आन हितं आले तर तिथली. तुमचं गाव तरी कोणतं?"

सखाराम तिच्याकडे बघून हसला.

दुपारी तिनं त्याला म्हटलं, तुम्ही राहत होता ती खोली दाखवा. तो म्हणाला, तिथं काय आहे बघायला. पण ती म्हणाली, मला तेच बघायचंय. कुलाब्याच्या बाजारामागच्या बोळातून तो तिला घेऊन गेला. शिडीसारखा उभा जिना होता; ती बसत बसत चढली. दार उघडंच होतं. आत परभणीकडची पोरं राहत होती. त्यातला एक अंगावर टॉवेल ओढत उठला, त्यानं पाणी दिलं आणि मावशींना बसायला खाटेवरचं अंथरूण गुंडाळून जागा केली.

बसल्या जागेवरून पारूबाईनं सगळी खोली पाहिली. मान वळवायचंही काम पडलं नाही. भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे, वर फळ्यांचा पोटमाळा. त्यानं तिकडं बोट दाखवलं. तिथं झोपायचो, म्हणाला. दोघं जण मिळून एक जागा. एक ड्यूटीवरून आला की दुसरा उठायचा. अंथरूण कधी गार झालं नाही.

इतकी वर्षं खुरपं चालवताना पारूबाईच्या मनात जी मुंबई होती तिच्यात नवऱ्याची एक खोली होती. खोलीला खिडकी होती, खिडकीतून समुद्र दिसत होता. तिथं तो निवांत चहा पीत बसलेला असायचा आणि त्याला गावाची आठवण येत नसायची. त्या खोलीचा तिला लई राग होता.

जिना उतरून बोळात आल्यावर सखाराम भिंतीकडे बघत बोलला.

"दर साली वाटायचं आणावं तुला. पर ठेवणार कुठं व्हतो?"

"सांगायचं मग."

"काय सांगायचं? गावात लोक म्हणायचे, सखाराम मुंबईला डबलडेकर चालवतो."

पारूबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. पुढं चला, म्हणाली.

संध्याकाळी ते मरीन ड्राइव्हला आले. गादीबिदी नव्हती. दगड दुपारच्या उन्हानं अजून ऊन होता. पारूबाई कठड्याला हात टेकून वर बसली, मग हळूहळू एकेक पाय उचलून पाण्याच्या बाजूला सोडला आणि तिनं समोर पाहिलं. पाणी संपतच नव्हतं. खाली सिमेंटच्या ठोकळ्यांवर लाट फुटली आणि तिच्या ओठावर थेंब आला. तिनं तो जिभेनं चाखला. खारट होता.

सखाराम मागं फुटपाथवर उभा होता, तोंड रस्त्याकडे. देवगिरी गाठायची आहे, म्हणत होता. सिग्नलला गर्दी वाढते, आत्ता निघालं तर बरं.

"बसा जरा," ती म्हणाली. "तुमी रोज बघितलं. मला बघू द्या."

मागं गाड्यांचा आवाज चालूच होता.

"मी कुठं बघितलं," तो म्हणाला. "स्टेरिंगवर बसलं की नजर रस्त्यावर ठेवावी लागती. पाणी डाव्या हाताला हाय, एवढंच ठाऊक."

पारूबाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. सखाराम कठड्यापाशी आला. आधी आडवाच बसला, अर्धा रस्त्याकडे. मग एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि दोन्ही पाण्याच्या बाजूला सोडले.

सूर्य पाण्याला टेकला होता. मागं कुठल्यातरी बसनं करकचून ब्रेक लावला, कुणीतरी हॉर्न दाबून धरला. सखारामनं मागं वळून पाहिलं नाही.