लाल दोऱ्याची कात्री

"ओढू नकोस! राहू दे तशीच!" मावशी किंचाळली.

पण ऐकतोय कोण! तिच्या मुलाने स्वतःच्या बायकोच्या गळ्याच्या हाडाखाली रुतलेली कात्री उपसून भिंतीवर भिरकावली आणि मागोमाग रक्ताची चिळकांडी उडाली, ती थेट टेबलावर रांगेत मांडलेल्या डब्यांवर.

अडतीस डब्या होत्या. पुठ्ठ्याच्या, वरून फुलाफुलांचे कापड चढवलेल्या, झाकणावर बोटाएवढी कापडी कळी आणि आत एक कागदी चिठ्ठी. शाळेतल्या एक बाई निवृत्त होणार होत्या, त्यांना वर्गातल्या चाळीस मुलींना एकेक डबी द्यायची होती. दोन राहिल्या होत्या. त्या दोन डब्यांपायीच हे सगळे घडले.

मुलगा दारातून आत आला तो हातातली पॅन्ट फेकतच. "चेन बदल हिची. आत्ता." सून कापड कापत होती. "दहाच मिनिटं थांबा हो, दोन डब्या तेवढ्या उरकते," एवढेच ती म्हणाली. बस्स, एवढेच. पहिल्या थपडेसरशी ती स्टुलावरून खाली आली. मग लाथ बसली आणि ओठ फाटला. ती टेबलाला धरून उठू लागली, तेव्हा त्याने कात्री खुपसली. मावशी शिलाई मशीनवर बसलेली, पाय पायडलवर तसेच, तोंड उघडे. तिच्या घशातून आवाज फुटेपर्यंत सगळे होऊन गेले होते.

आता मात्र तिने हाताला आला तो अस्तराचा गठ्ठा जखमेवर दाबला आणि त्यावर आपले सगळे वजन टाकले. गठ्ठा बघता बघता ओला झाला. सून पांढरीफटक पडली होती.

"आई," ती पुटपुटली, "पडले म्हणून सांगायचं ना?"

मावशीने गठ्ठा आणखी दाबला. हे शिकवले कोणी होते पोरीला? तिनेच. मनगट मोडले तेव्हा डॉक्टरांना मावशीनेच सांगितले होते, मोरीत पाय घसरला. कानातून रक्त आले तेव्हा म्हणाली, दार लागले. आणि घरी येऊन सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत, "गप्प राहा गं, तापट आहे, पण मनाचा वाईट नाही." सगळे पोटात घालायचे, हेच तिने जन्मभर केले होते. स्वतःच्या नवऱ्याने पिरगळलेला तिचा अंगठा अजून सरळ होत नव्हता.

आरडाओरडा ऐकून खालचा इस्त्रीवाला धावत वर आला. त्यानेच गाडी बोलावली, पोलिसांना कळवले, त्यानेच सुनेला उचलून जिन्यावरून खाली नेले आणि आपल्या बायकोला सोबत घेऊन तोच तिला इस्पितळात घेऊन गेला. मावशी मागोमाग निघाली, पण तोवर पोलीसबाई एका शिपायाला घेऊन दारात उभ्या होत्या. "तुम्ही थांबा. विचारायचंय." त्यांनी आधी मुलाला बाजूला घेऊन त्याचे म्हणणे ऐकले, भिंतीपाशी पडलेली कात्री पिशवीत घातली आणि मग जिन्यात जाऊन कोणाशीतरी फोनवर बोलू लागल्या.

तेवढ्यात मुलगा गुडघ्यांवर सरकत आईजवळ आला. चांगला दांडगा गडी, टेम्पो चालवणारा, पण आता लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"आई, डोकं फिरलं होतं गं माझं. कायपण दिसत नव्हतं. तुझी शपथ, मला भानच नव्हतं. तीपण पडलेच म्हणणार आहे. तू फक्त हो म्हण."

मावशीने त्याच्याकडे पाहिले. एकुलता एक. याच्यासाठी तिने डोळे फोडून शिलाई केली होती. याच्या रागाची तिला सवय होती. एकदा चढला की समोर कोण आहे हे त्याला कळत नाही, असे ती सगळ्यांना सांगत आली होती आणि तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. तिने मान हलवली. बरे, हो म्हणते.

पोलीसबाई आत आल्या. वयाने लहानच, पण नजर मोठी कडक.

"मावशी, नीट आठवून सांगा. तुम्ही इथंच होता?"

"इथंच. मशीनवर."

"तुमचा मुलगा म्हणतो, ती कापड कापता कापता उठली, पॅन्टमध्ये पाय अडकला आणि हातातल्या कात्रीवर पडली. असंच झालं?"

हो म्हणायला मावशीने तोंड उघडले. तेवढ्यात बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली कात्री तिच्यासमोर धरली. "हीच ना ती?"

पात्यांवर रक्त होते आणि रक्ताखाली वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे. त्यात कागदाचे कपटे चिकटलेले.

"ही?" मावशी म्हणाली. "हिनं कापड?"

"का? काय झालं?"

 मावशी टेबलाकडे वळली. या घरात दोन कात्र्या होत्या. मुठीला लाल दोरा गुंडाळलेली मोठी कात्री कापडाची, आणि डिंकाच्या बाटलीशेजारची साधी कागदाची. कागदावर चालवली की कापडाच्या कात्रीची धार मरते, म्हणून लाल दोऱ्याच्या कात्रीला कापडाशिवाय कशालाही लावायचे नाही, हा घरचा कायदा. मुलगा सात वर्षांचा असताना त्याने त्याच कात्रीने वहीच्या पानांची विमाने कापली होती, तेव्हा मावशीने लाकडी पट्टीने त्याची बोटे सुजेपर्यंत बदडली होती. नवऱ्याचा मार खाल्लेला दिवस होता तो. सगळी आग पोरावर निघाली.

आणि आता लाल दोऱ्याची कात्री टेबलावर होती. मिटलेली, तिच्या मखमलीच्या तुकड्यावर, टोके भिंतीकडे करून. अगदी ठेवायची तशी.

सुनेने ठेवली नव्हती. ती तर थप्पड बसली तेव्हा कापड कापत होती. कात्री तिच्या हातून निसटून उघडीच पडली होती. मावशीच्या डोळ्यांसमोर ते सगळे पुन्हा घडले. मुलाने आधी तीच उचलली होती. मुठीवरचा लाल दोरा त्याला दिसला. त्याने ती मिटली, मखमलीवर ठेवली, आणि मग हात लांब करून कागदाची घेतली.

"रांडेच्या," मावशी म्हणाली. इतक्या हळू, की पोलीसबाईंना वाटले मावशी रडताहेत.

"आई?" मुलगा म्हणाला.

"तुला भान होतं रे." तिचा आवाज चढला. "कात्री कुठली घ्यायची ते कळत होतं तुला! माझ्या कात्रीची धार जाऊ नये म्हणून ती बाजूला ठेवलीस, नीट मिटून ठेवलीस! आणि पोरीचा जीव? तो गेला असता तर चालला असता तुला?"

"आई, काय बोलतेस तू... आई!"

"बाई, लिहून घ्या." मावशी उभी राहिली. "ती पडली नाही. यानं मारली. आधी थप्पड, मग लाथ, मग ही कात्री. मनगटही यानंच मोडलं होतं, कानही. दोन्ही वेळा मी खोटं बोलले. तेपण लिहा."

त्याने झेपच घेतली. आईच्याच अंगावर. मशीन उलटले, मावशी भिंतीवर आपटली आणि त्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली, तेव्हा तिला दात हलल्याचा आवाज आतून ऐकू आला. पोलीसबाई आणि जिन्यातला शिपाई दोघे त्याच्यावर तुटून पडले. जिना उतरेपर्यंत तो आईला शिव्या घालत होता. 

इस्पितळात सून शुद्धीवर होती. कात्री बोथट निघाली म्हणून वाचली, असे डॉक्टर म्हणाले. कापडाची असती तर फुप्फुसापर्यंत गेली असती. सासूचा सुजलेला जबडा पाहून सुनेच्या डोळ्यांत पाणी आले.

"काय सांगितलंत, आई?"

"झालं ते सांगितलं."

 सुनेने सासूचा वाकडा अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला. "मला भीती वाटत होती, तुम्ही हो म्हणाल."

"म्हणणारच होते गं," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फरशी तीनदा पुसली. मशीन उभे केले. चाक वाकले होते, पण हाताने फिरत होते. रक्त उडालेल्या अकरा डब्या वेगळ्या काढल्या. अकरा आणि उरलेल्या दोन, तेरा नव्या करायच्या होत्या. कापड बेतले, कळ्या शिवल्या. मग चिठ्ठ्यांचा कागद पुढे ओढला आणि सवयीने हात डिंकाच्या बाटलीकडे गेला. तिथे काहीच नव्हते. ती कात्री पोलिसांकडे होती.

 मावशीने मखमलीवरून लाल दोऱ्याची कात्री उचलली आणि कागदाला लावली. करकर आवाज आला. चाळीस वर्षांत त्या कात्रीचा असा आवाज तिने एकदाच ऐकला होता.

"जाते तर जाऊ दे धार," ती म्हणाली, आणि दुसरा कागद घेतला.