आधी आणि नंतर

मी एक फ्लेक्स. वीस फूट लांब, दहा फूट उंच. अंगावर दोन तोंडं छापलेली, पण बोलायला स्वतःचं एकही नाही. तरी आज बोलतो.

माझा जन्म छापखान्यात झाला, पाऊण तासात. शाईचा वास गेलाही नव्हता तोवर मला गुंडाळून आणलं आणि चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या गच्चीवर लोखंडी सांगाड्याला ताणून बांधलं. माझ्या डाव्या अंगावर एका बाईचा चेहरा. गालांवर काळपट वांग, ओठ मिटलेले. खाली शब्द, 'आधी'. उजवीकडे तुकतुकीत, हसरी तरुणी. 'नंतर'. दोघींची नाकं थोडीफार जुळत होती, तेवढ्यावर भागवलेलं. मधोमध मलमाची ट्यूब, माणसाएवढी.

समोर शिंप्याचं दुकान होतं. तिथे खिडकीशी एक बाई शाळेचे गणवेश शिवायची. पहिल्या सकाळी तिने सहज मान वर केली आणि तिचं मशीन थांबलं. माझ्या डाव्या अंगावर तीच होती.

"मास्तर, अहो, ही मी आहे!"

मास्तर चष्मा पुसत बाहेर आले. "तू कशी काय गं तिथे?"

"वांग दाखवायला दवाखान्यात गेले होते. तिथे एकाने फोटो काढला. म्हणाला, ताई, डॉक्टरांच्या अभ्यासाला लागतो. सहीपण घेतली."

"कागद वाचलास का?"

"सही कुठे करायची, तेवढंच दाखवलं हो त्यांनी."

ती तडक रस्ता ओलांडून औषधवाल्याकडे आली. माणूस वाईट नव्हता. "वहिनी, गच्ची भाड्याने दिलीय मी. वर काय लावायचं ते कंपनी ठरवते." तिने कंपनीला फोन लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात मलमाचंच कौतुक सुरू झालं. ती पूर्ण ऐकत राहिली, शेवटी माणूस बोलेल म्हणून. कोणी बोललं नाही.

आठवड्याभरात तिचं नाव पडलं, 'आधी'. रिक्षावाले ओरडायचे, "काय आधीबाई, नंतर कधी होणार?" मी वरून ऐकत असे. ती खाली मान घालून शिवत राहायची. सुई बोटात गेली तरी वर बघायची नाही.

एका संध्याकाळी तिचा नवरा तिला न्यायला आला. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. डावीकडे नाही, उजवीकडे.

"खरंच फरक पडत असेल का गं?"

"अहो, ती मी नाहीच. दुसरीच कोणीतरी आहे."

"ते कळतं गं मला. तरीपण..."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि ट्यूब मागितली. औषधवाल्याने वर माझ्याकडे बोट केलं. "वहिनी, तुम्ही? तुम्हाला तर ठाऊक आहे ना!"

"द्या हो."

पहिले पंधरा दिवस गाल उजळले. नवरा रोज न्यायला येऊ लागला. ती खिडकीतून माझ्याकडे बघायलाही लागली. मग गाल लाल झाले, मग सोलले, मग त्यांतून पाणी येऊ लागलं. गणवेश घ्यायला येणाऱ्या आया बिचकतात म्हणून मास्तरांनी तिचं मशीन आतल्या खोलीत नेलं. नवरा यायचा थांबला.

एका दुपारी ती पदर बाजूला सारून माझ्याखाली उभी राहिली. मलम घ्यायला तीन-चार बायका आल्या होत्या.

"बायांनो, ही वर आहे ना, ती मी. आणि हे बघा, याच मलमाने काय झालं ते!"

बायकांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, माझ्या उजव्या अंगाकडे, बराच वेळ.

"तुमची कातडीच नाजूक असेल, बाई," एक म्हणाली. "तिला बघा ना किती छान लागू पडलंय." आणि तिने दोन ट्यूबा घेतल्या.

बाईने पदर पुन्हा तोंडावर ओढला. त्यानंतर ती मला दिसली नाही. तिच्या मशीनवर दुसरी कोणी बसली.

मुदत संपल्यावर मला उतरवलं. आता मी गावाबाहेर एका बांधकामावर सिमेंटच्या पोत्यांवर पांघरलेला आहे. कडा फाटल्यात, उन्हाने शाई उडालीय. तिचा चेहरा घडीत दबलाय. नको ते तेवढं शाबूत आहे, 'नंतर' आणि तिच्या बाजूची ट्यूब.

इथे विटा वाहणारी एक बाई दुपारी माझ्या सावलीला भाकरी खाते. आज तिने हात धुतले, ओल्या बोटाने माझ्यावरच्या त्या गालाची धूळ पुसली आणि तेच बोट स्वतःच्या गालावरून फिरवलं.

"मुकादम," तिने हाक मारली, "हे मलम कुठे मिळतं हो?"

बाई गं, घडी उलगड. एवढंच कर. खाली कोण आहे ते बघ.

मुकादमाने तिला दुकानाचा पत्ता सांगितला.