शेंदूर फासलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी आकडा आहे. अंगावर बोटभर शेंदूर दिसतो म्हणून मला देव समजू नका. कोणी तसं समजलं की माझं डोकं फिरतं.

चोरखमाऱ्याच्या जंगलालगत आमचं गाव आहे. पौषात थंडी इतकी पडते की पहाटेपासून घरोघरी शेकोटी पेटते, आणि घरांवर छपरं तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याची. शहरात आग विझवायला बंब असतात म्हणे. आमच्या रस्त्यावर बैलगाडीचं चाकसुद्धा रुततं. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी नऊ घरं जळाली. तेव्हा मनिराम लोहाराने गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून मला घडवलं आणि पंधरा हात लांब बांबूच्या टोकाला बसवलं. काम साधं होतं. एक घर पेटलं की शेजारच्या घराचं छप्पर मला अडकवून खाली खेचायचं, म्हणजे आगीला पुढे जायला वाट उरत नाही. मला विहिरीजवळ टांगलं. दरसाल बांबू बदला, असं मनिरामने चारचौघांत बजावलं होतं.

दोन वर्षांनी हिरालालचा गोठा पेटला. चौघांनी मला धरून शेजारचं छप्पर ओढलं आणि आग तिथेच थांबली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या दसऱ्याला उदाराम पाटलांनी मला हळदकुंकू वाहिलं. अवजारांची पूजा सगळेच करतात, मला त्याचं काही वाटलं नाही. पण पुढच्या वर्षी शेंदूर आला. त्याच्या पुढच्या वर्षी मोहाच्या झाडाखाली ओटा बांधून मला बांबूसकट तिथे उभं केलं. लोक नवस बोलू लागले. दुधराम पुजारी झाला आणि त्याच्याशिवाय कोणी मला हात लावायचा नाही, असं ठरलं. बांबू बदलायची गोष्ट एकदा निघाली, तर म्हणे देवाचा बांबू कसा काढायचा? वाळवीला मात्र असली भीड नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत राहिलो, पण देवाचं ऐकतो कोण?

अशी दहा-बारा वर्षं गेली. गेल्या पौषात सकाळी शेकोटीची ठिणगी उडाली आणि खुशालचं घर पेटलं. शेजारचं घर नंदाबाईचं. एकटी बाई, आणि पुढच्या पेरणीचं सगळं बियाणं तिच्या कणगीत. वारा तिच्याच घराकडे होता. माणसं धावत ओट्यापाशी आली आणि तिथे येऊन थबकली.

"काऊन उभे जी?" नंदाबाईने विचारलं.

"दुधराम बाजाराले गेला. त्याले येऊ दे," पाटील म्हणाले. "देवाले असा हात कसा लावाचा?"

"आग माज्या घरावर येऊन राहिली, अन् तुमाले पुजारी पाहिजे?"

ती ओट्यावर चढली आणि तिने मला उपटून काढलं. ती मला फरफटत घरापाशी घेऊन गेली, तेव्हा कुठे लाजेने दोघे जण मदतीला आले. तोवर छपराच्या एका कोपऱ्याने पेट घेतला होता. मी छपरात घट्ट रुतलो. तिघांनी जोर लावला आणि बांबू मधोमध मोडला. आतून नुसती माती गळाली. नंदाबाईचं घर गेलं, बियाणं गेलं, तिच्या पुढची आणखी चार घरंही गेली.

राख निवल्यावर मला उकरून काढलं. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. पण गावाने बैठक घेतली आणि ठरवलं, की बाईने हात लावला म्हणून देव कोपला. मला पुन्हा शेंदूर फासून ओट्यावर ठेवलं आणि नंदाबाईकडेच नारळ मागितला. जिचं घर जळालं, तिच्याकडे! संतापाने मी आजही आतून धगधगतो आहे.

ती आली. तिच्या हातात नारळ नव्हता, नवा बांबू होता.

"हा लावा," एवढंच ती म्हणाली.

कोणी लावला नाही. तो बांबू ओट्याला टेकून तसाच पडला आहे. मित्रांनो, घरात, दुकानात, गिरणीत संकटासाठी म्हणून जे ठेवलं असेल, त्याला हार घालू नका. ते हातात घ्या, चालवून पाहा, किडलेलं बदला. आणि कधी इकडे आलात तर माझ्या पाया पडू नका. मला उतरवून त्या बांबूवर बसवा. पौष पुन्हा लागला आहे आणि घरोघरी शेकोट्या पेटल्या आहेत.