ऑलिवाचे गुडघे आणि सेनेनचा पंखा

५८

हवेतली ओल मोजणाऱ्या पितळी यंत्राचा काटा अठ्ठावन्नवर होता. बेलार्मिनोने घरातल्या तंबूची चेन वर ओढली, टॉर्चवर हिरवा कागद गुंडाळला आणि डोकं आत घातलं. बाहेर दुपार, पण झाडांची ही अंधाराची वेळ. हिरवा उजेड त्यांना चालतो, पांढरा नाही. सगळ्यांत जाड बोंडाला त्याने दोन बोटांनी हलकंच दाबलं. एक पान विनातक्रार हातात आलं. देठाशी तपकिरी. आतून राखाडी भुकटी उडाली.

बुरशी. तिसऱ्या पिकाला, तिसऱ्यांदा.

अठ्ठावन्न टक्के म्हणजे चांगली हवा. अठ्ठावन्नला बुरशी येत नाही. काटा खोटं बोलत नाही. मग?

मिएरेसच्या कोळशाच्या खाणीत तो तीस वर्षं वाऱ्याचा माणूस होता. कुठलं दार लावायचं, कुठे ताडपत्रीचा पडदा टांगायचा, शेवटच्या बोगद्यातल्या शेवटच्या माणसाच्या नाकापर्यंत वारा कसा न्यायचा, हे त्याचं काम. चारशे माणसं त्याने धाडलेला श्वास घ्यायची. आणि आता कपाटाएवढा तंबू, तीन झाडं, आणि हे.

स्वतःच्या पंख्याच्या घरघरीतूनही भिंतीपलीकडून सेनेनच्या पंख्याचा आवाज येत होता. सुखी माणसाच्या घोरण्यासारखा.


सेनेन कोण

शेजारी. विधुर. मिएरेस ते ओविएदो बस चालवायचा. वाऱ्याविषयीचं त्याचं ज्ञान: प्रवासी ओरडले की खिडकी उघडायची.

आणि त्याची बोंडं मात्र मुठीएवढी, कोरडी, स्वच्छ.


बाटली

या खोऱ्यात ज्यांचे सांधे गेलेत त्यांच्या घरी एक बाटली असतेच. गांजाची बोंडं आणि रोझमेरीची काडी अल्कोहोलमध्ये बुडवायची, चाळीस दिवस अंधारात ठेवायची, मग चोळायची. बेलार्मिनोची बायको ऑलिवा रात्रभर बेकरीत उभी राहून पीठ मळते. सकाळी सातला घरी येते, पलंगाच्या कडेला बसते, गुडघ्यांना बाटलीतलं चोळते आणि आठला झोपते.

बाटली सेनेनची. दीड वर्ष झालं.

बेलार्मिनोला सेनेनच्या केसांचा हेवा वाटायचा (अजून काळे). त्याच्या फुप्फुसांचा हेवा वाटायचा (जिना चढून वर शिट्टी). पण ते सगळं सोसता येतं. ऑलिवा पहिला थेंब गुडघ्यावर ओतते आणि डोळे मिटून म्हणते, "आई गं…" तो आवाज बेलार्मिनोच्या ओळखीचा होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तो आवाज त्याच्यामुळे यायचा. आता परक्या बाप्याच्या बाटलीमुळे येत होता, आणि तोही त्याच्याच पलंगावर.

हे पीक वाचलं तर त्याची स्वतःची बाटली भरणार होती. कापणीला तीन आठवडे उरले होते.


जिन्यात

"काय बेलार, पोरी कशा आहेत?" सेनेन झाडांना पोरी म्हणायचा. मादीच झाडं लावतात, म्हणून.

"मजेत."

"बुरशी म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ऑलिवा. म्हणाली, सेनेन, या खेपेलाही तुझीच बाटली लागणार बघ."

बेलार्मिनोने पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग गिळायचं ते गिळलं आणि विचारलं, "तू नक्की करतोस काय?"

"मी? काहीच नाही. आत एक छोटा पंखा, हवा बाहेर ओढायला एक मोठा. लावून दिले, विसरलो. रात्रंदिवस चालतात. बंद करून करू काय, घरात दुसरा आवाज तरी कुठे आहे?"

बढाई, बेलार्मिनोच्या मनात आलं.

"थांब," सेनेन आत जाऊन काडेपेटीएवढं काहीतरी घेऊन आला. "हे टांग तुझ्या तंबूत."

"माझ्याकडे आहे. पितळी. खाणीतलं."

"पितळी आहे रे, पण तुझ्यासारखंच विसरभोळं. आत्ता किती ओल आहे तेवढंच सांगतं. हे दिवसभरातला सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवतं. बटण दाबलं की बोलतं."

"बसमध्ये होतं का हे?"

"बसमध्ये तुझ्यासारखे खोकणारे होते. घे, उपकार नको मानूस."

त्याने मानले नाहीतच.


८७

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बेलार्मिनो सिद्रेच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गुत्त्यावरून परतला. पितळी काटा: अठ्ठावन्न. त्याने सेनेनच्या डबीचं बटण दाबलं.

सत्त्याऐंशी.

पुन्हा दाबलं. सत्त्याऐंशी. कधीतरी, तो घरात नसताना, तंबूत पावसाळी ढग येऊन बसला होता आणि तो यायच्या आत निघून गेला होता.

ढग आपल्या पायाने येत नाहीत. तो रोज आठला बाहेर पडतो: आधी मळा, मग गुत्ता, मग पाव. घरात फक्त ऑलिवा, झोपलेली. आणि त्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे? ऑलिवा एकदा बाहेर अडकली होती, तेव्हापासून सेनेनकडे.

झालं. सगळं जुळलं. सेनेन सपाता घालून येतो. ओला टॉवेल तंबूत टांगतो. तासाभराने काढून नेतो. म्हणजे बाटली कायम त्याचीच. पण मग त्याने डबी कशाला दिली? मिरवायला. चोर असेच पकडले जातात. आणि ऑलिवा खरंच झोपलेली असते का?

पुढचा विचार तो करणार नव्हता. करत राहिला. जेवताना घेवड्याच्या रश्श्यात करत राहिला.

"मीठ कमी आहे का?" ऑलिवाने विचारलं.

"सेनेनला विचार."

"काय?"

"काही नाही."


साडेआठ

दुसऱ्या सकाळी मळा टाळून तो थेट गुत्त्यावर गेला. गुत्तेवाल्या सेल्सोने हात उंच करून ग्लासात सिद्रा सोडली, फेस आला, आणि बेलार्मिनो उठला.

"अरे! ओतलेली टाकून जातोस? कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," बेलार्मिनो म्हणाला.

तीन जिने. प्रत्येक वळणावर थांबून श्वास. सेनेनच्या दाराला कान लावला: पंखा, आणि पंख्याबरोबर बेसूर शिट्टी. म्हणजे हा आपल्या घरात आहे. बेलार्मिनोने स्वतःचं दार चोरासारखं उघडलं.

शांतता.

त्याला आधी कळेना, ही कसली शांतता. खाणीत अशी शांतता पसरली की एकच नियम असायचा: पंखा थांबला, सगळी माणसं वर. त्याचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. मग भानावर आला.

तंबूचा पंखा बंद होता. त्याने स्वतः जोडलेला, खाणीतल्या पंख्याइतका दांडगा आणि तेवढाच घरघरणारा पंखा. त्याची जाड नळी पलंगाच्या उशाशी असलेल्या भिंतीवरून खिडकीकडे जायची. वायर सॉकेटातून काढून नीट गुंडाळून ठेवलेली. गुंडाळीवर ऑलिवाची केसांची पिन.

खोलीत ऑलिवा झोपली होती. तोंड उघडं, एक पाय चादरीबाहेर. चाळीस वर्षांत इतकी गाढ झोपलेली त्याने तिला पाहिली नव्हती. ती झोपते तेव्हा तो बाहेर असतो. उशीखालून गजराच्या घड्याळाची कड दिसत होती. त्याने वाकून पाहिलं. गजर साडेबाराचा.

तो एकला येतो.

म्हणजे रोज तो निघाला की ती वायर काढते. रोज अर्धा तास आधी उठते, वायर लावते, आणि तो दार उघडतो तेव्हा घर घरघरत असतं. काटा अठ्ठावन्नवर. किती दिवस? तीन पिकं.

पितळी काटा: ७१

त्याने वायर हातात घेतली. सॉकेट वीतभर दूर होतं.

७४

भिंतीपलीकडे सेनेनचा पंखा. घरात दुसरा आवाज तरी कुठे आहे.

७९

वायर त्याने खाली ठेवली, पिन पुन्हा वर. खिडकीची पट्ट्यांची झडप शेवटपर्यंत खाली ओढली, काळोख केला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. पुठ्ठा चांगला जाड होता. तंबूची चेन एकेक दात मोजल्यासारखी उघडली, समोर स्टूल घेतलं, आणि वारा घालू लागला.

खालून वर. खालची ओली हवा आधी हलवायची, बोंडांवर थेट मारायचं नाही, पानं नुसती थरथरली पाहिजेत. हात भरून आला की दुसरा हात. खोकला आला की कोपरात.


साडेबारा

गजर वाजला आणि लगेच दाबला गेला. अनवाणी पावलं. ऑलिवा अंधारात आली, वायरीसाठी वाकली, आणि कोणाच्यातरी गुडघ्यावर तिचा हात पडला.

"अगं बाई!"

"मी आहे."

"इथे काय करतोयस?"

"वारा घालतोय."

"कोणाला?"

"पोरींना."

तिने तंबूची उघडी चेन चाचपली. मग हळू विचारलं, "कधीपासून?"

"साडेआठपासून. तू?"

"पहिल्या पिकापासून." आणि लगेच: "तुझा पंखा म्हणजे डोक्यातून मालगाडी जाते रे. सांगणार होते. पण तू तो किती प्रेमाने बनवलास."

"आणि बुरशी?"

"मला वाटलं, झाडंही झोपलेलीच असतात, त्यांना कशाला हवाय वारा?" तिने त्याचा हात चाचपला. दंड थरथरत होता. "सेनेनचा म्हणे दिवसभर चालतो."

"चालेल नाहीतर काय! त्याच्या घरी झोपतंय कोण?"

हे म्हणताना त्याला फार बरं वाटलं, इतकं बरं की थोडी लाजच वाटली.

ती वायर लावायला वाकली. त्याने तिचं मनगट धरलं. "जा, झोप. अजून अर्धा तास आहे तुझा."


६३

डबीतला सगळ्यांत मोठा आकडा, कापणीच्या दिवशी. तीन झाडांपैकी एक आधीच गेलं होतं. दोन वाचली.


चाळीस दिवसांनंतर

पलंगाशेजारी आता दोन बाटल्या आहेत. सेनेनची उंच, बेलार्मिनोची जेमतेम अर्धी भरलेली. ऑलिवा सातला येते, कडेला बसते. उजव्या गुडघ्याला बेलार्मिनोची चोळते. डाव्याला सेनेनची.

"हे काय?"

"बघतेय, कोणती लागू पडते."

"मग? कोणती?"

ती डोळे मिटते, दोन्ही पाय हलवून पाहते, आणि "आई गं…" म्हणते. नेमक्या कुठल्या गुडघ्यासाठी, ते काही सांगत नाही.

"ऑलिवा, कोणती?"

"आत्ता कुठे तिसरा दिवस आहे. झोपू दे मला."

बेलार्मिनो पुठ्ठा घेतो आणि तंबूकडे जातो. नव्या पोरी वीतभर झाल्यात. जाता जाता, तिचं लक्ष नाही असं पाहून, सेनेनच्या बाटलीचं बूच काढून तो वास घेतो.

चांगला आहे. हरामखोराचा चांगलाच आहे.