रक्तदात्यांच्या पानाचा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, पण मला हातात धरता येत नाही. मी वेबसाइटच्या पानाचा साचा आहे. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या खानदेशी मंडळाची रक्तदात्यांची वेबसाइट उघडलीत, तर नाव, रक्तगट आणि फोन नंबर असलेली प्रत्येक चौकट माझ्यातूनच तयार होते.

मला धनश्रीने घडवले. तिचे वडील हिलालभाऊ डाइंग मिलमध्ये कामाला. पूर्वी मंडळाने प्रत्येक वस्तीचे आणि प्रत्येक रक्तगटाचे पान वेगळे लिहिले होते. बाजीराव नावाच्या दात्यांचा नंबर बदलला, तेव्हा तो एका पानावर दुरुस्त झाला आणि दुसऱ्यावर तसाच राहिला. ते पाहून धनश्री म्हणाली, "चौकट एकदाच लिहू. माहिती वेगळी ठेवू. पान उघडलं की दोन्ही जुळतील."

तिने माझ्यात मोकळ्या जागा सोडल्या. संगणकावरच्या नोंदवहीतली माहिती त्या जागांत येऊन बसायची आणि क्षणात चारशे चौकटी उभ्या राहायच्या. मला फार अभिमान वाटे.

पुढे धनश्रीला बडोद्याला नोकरी लागली. मला मंडळातल्या चेतनने सांभाळायला घेतले. तो मनाने चांगला, पण त्याला कुणाला नाही म्हणता येईना. शिबिराची सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सत्काराचे फोटो, सारे तो माझ्यातच कोंबत गेला. मी फुगत गेलो. पान दिसत होते, म्हणून मला कुणी तपासले नाही.

एका दुपारी वस्तीतल्या योगराजने घाईघाईने पान उघडले. त्याची बायको शीतल बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. त्याच सकाळी चेतनने एका नव्या दात्याची नोंद केली होती, पण जन्मतारीख भरली नव्हती. शुभेच्छांसाठी मी ती तारीख शोधली. ती सापडेना, आणि मी तिथेच अडलो. सगळे पान कोरे पडले.

योगराजने धनश्रीला फोन लावला. "ताई, पान उघडी नही ऱ्हायनं. शीतलले रगत जोयजे."

"गट सांग," ती म्हणाली. तिने बडोद्याहूनच मूळ नोंदवही उघडून तीन नंबर वाचून दाखवले. तासाभरात दोन दाते पोहोचले. शीतल वाचली, तिची नवजात मुलगीही सुखरूप राहिली.

त्या रविवारी धनश्री सुरतेला आली. चेतन खाली मान घालून बसला होता. "चूक माझी," तो म्हणाला.

"मीही कुठे वळून पाहिलं?" ती म्हणाली. "चल, बस शेजारी."

दोघांनी माझे तुकडे केले. सूचनेचा साचा निराळा, शुभेच्छांचा निराळा, आणि मी फक्त दात्याच्या चौकटीचा. मग त्यांनी मुद्दाम अपुऱ्या नोंदी देऊन मला पुन्हा पुन्हा तपासले. एखादी जागा रिकामी असली, तर ती सोडून पुढे जायला मी शिकलो.

आता माझ्या फक्त अकरा ओळी आहेत, आणि मी अडणार नाही असे ठरवले आहे. मित्रांनो, माझ्यासारखे निमूट राबणारे पुष्कळ असतात. त्यांच्यावर नवे ओझे टाकण्याआधी एकदा त्यांची चौकशी करा. त्यांच्या भरवशावर कुणीतरी दवाखान्याच्या दारात उभे असते.